शेवटच्या रिळाची तबकडी

बातमीदाराकडे किस्से साठतात ते छापून आलेल्या बातम्यांचे नसतात. संपादकाने कापलेलं, जागा नाही म्हणून उडवलेलं, "यात बातमी काय आहे?" असं विचारून परत केलेलं, ते सगळं साठत जातं. मी बत्तीस वर्षं बातमीदारी केली. आधी नागपुरात, मग मुंबईत आणि शेवटी इथे पेनसिल्व्हेनियात, एका साप्ताहिकात. तेव्हा असा माल माझ्याकडे पुष्कळ आहे. पण सगळ्यात चांगला माल जमला तो निवृत्तीनंतर, एका तळघरात.

स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून पाऊण तासावर, डोंगरातल्या एका गावात एक जुनं थिएटर आहे. त्याच्या तळघरात एका सिनेमाचे डबे निघाले. बोलपट नुकते सुरू झाले होते, तेव्हाचा साहसपट. बर्फाळ उत्तरेतलं जंगल, सोनं शोधायला निघालेला नायक, हिमवादळ, लांडगे, कुत्र्यांची गाडी. त्या काळी काही सिनेमांचा आवाज फिल्मवर नसायचा. प्रत्येक रिळासोबत ताटापेक्षा मोठी एक तबकडी यायची आणि ऑपरेटर दोन्ही एकदम सुरू करायचा. आमच्याकडे रिळं आठ होती, तबकड्या सात. शेवटचं रीळ मुकं होतं.

दर शनिवारी सकाळी आम्ही तिघं तिथे जमायचो. देशमुख काका पुण्यात रेडिओवर तंत्रज्ञ होते, आता मुलाकडे राहतात. वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ताडपत्रीखाली पडलेलं तबकड्यांचं मूळ यंत्र त्यांनीच तळघरात आणून दुरुस्त केलं. माया इथेच जन्मलेली, पस्तिशीची, जुन्या फिल्म सांभाळणं हीच तिची नोकरी. आणि तिसरी मी, भांडायला!

*

पहिलं भांडण तज्ज्ञाशी. थिएटरच्या संचालकांनी त्याला खास बोलावलं होतं. त्याने तबकडी लावली, सुई कडेजवळ ठेवली. पडद्यावर नायक झोपलेला, आणि आवाज लांडग्यांचा! नायिका रडतेय, आणि आवाज दार आपटल्याचा. त्याने सातही तबकड्या अशाच तपासल्या आणि निकाल दिला, "या दुसऱ्याच सिनेमाच्या आहेत. टाकून द्या."

संचालकांनी लगेच होकार दिला. मी वही काढली. "तुमचं नाव कसं लिहितात? पूर्ण सांगा." या प्रश्नाने भलेभले थांबतात. संचालकही थांबले.

तेवढ्यात काकांनी चष्मा कपाळावर चढवला, तबकडी डोळ्यांजवळ धरली. मधल्या लेबलाशेजारी बारीक बाण कोरलेला होता. त्यांनी सुई तिथे, आतल्या बाजूला ठेवली. या तबकड्या आतून बाहेर वाजतात! नायकाने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी आवाज आला.

तज्ज्ञ म्हणाला, "पण रेकॉर्ड बाहेरून आत वाजते!"

काका म्हणाले, "तुमच्या घरची वाजत असेल."

त्याच दिवशी काकांनी आम्हाला लेबलावरचे चौकोन दाखवले. वीस छोटे चौकोन. तबकडी एकदा वाजवली की ऑपरेटरने एक चौकोन पेन्सिलने खोडायचा. वीस झाले की तबकडी बाद, कारण तेव्हाची जड सुई दर वेळी खाचेतला थोडा आवाज खाऊन टाकायची. काकांनी यंत्राला हलकी सुई बसवली होती, तरी दर वेळी ते एक चौकोन खोडायचेच.

"काका, नाऊ इट डझन्ट मॅटर," माया म्हणाली.

"नियम लिहिलाय ना? मग विषय संपला."

*

तिसऱ्या रिळात नायकाचा जुना सोबती बर्फात पडून मरतो. सगळं शांत. तो पुटपुटतो, "माझ्या आईला कळवा…" आणि खाली कुरकुर, कुरकुर, कुरकुर.

काकांनी यंत्र थांबवलं. परत लावलं. परत कुरकुर. माया म्हणाली, तबकडी खराब झाली असेल. काका डोळे मिटून ऐकत होते.

"हा बर्फ नाही. हा पातळ पोह्यांचा चिवडा आहे!"

मायाने जुनी पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की काका फारसे चुकले नव्हते. मूकपटांच्या काळात स्टुडिओत बर्फ म्हणून मक्याचे पोहे पांढरे रंगवून पसरायचे. आवाज आला आणि ते पोहे बोलायला लागले. बिचारा मरणारा माणूस जेवढा तळमळतो, तेवढा चिवडा जास्त वाजतो.

काका हसले नाहीत. म्हणाले, "त्या नटाला ऐकू येत असणार. तरी वाक्य पुरं केलं त्याने."

*

दुसरी गंमत किटलीची. नायक नायिकेला आपलं प्रेम सांगतो, पण तिच्याकडे बघतच नाही. चुलीवरच्या किटलीकडे बघून बोलतो. नायिकाही किटलीलाच हो म्हणते.

"मायक्रोफोन किटलीत आहे," काका म्हणाले.

मायाला ते इतकं आवडलं की पुढे कुणी आमच्यात पुटपुटलं की ती म्हणायची, "किटलीत बोला!"

*

आता हसणं पुरे. पुढच्या गोष्टीने माझं डोकं फिरलं होतं, अजून फिरलेलंच आहे.

जाहिरातीत म्हटलं होतं की हा सिनेमा दूर उत्तरेत, जीव धोक्यात घालून काढला. मी गावच्या जुन्या साप्ताहिकाची फाइल काढली. उत्तर कसली! स्टुडिओबाहेरची सगळी दृश्यं आमच्याच डोंगरात घेतलेली. हिवाळाभर मुक्काम होता, आणि लाकूडतोडीवरची गावची माणसं कामाला घेतली होती. त्यातला एक वॉल्टर. शेवटच्या रिळात कुत्र्यांची गाडी घेऊन वादळातून येतो तो वॉल्टर. खऱ्या बर्फात, खऱ्या वाऱ्यात. वाट चुकलेल्या नायकाला तो एकच वाक्य बोलतो.

मी श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचली. गाडीच्या पुढच्या कुत्र्याचं नाव होतं, ड्यूक. स्वतंत्र पाटीवर, मोठ्या अक्षरांत. वॉल्टरचं नाव कुठेच नव्हतं. कुत्र्याचं नाव आहे आणि माणसाचं नाही!

मी थिएटरच्या पत्रकात लेख लिहिला, अजिबात सौम्य न करता. पुढच्या शनिवारी तळघराच्या पायऱ्या एक एक करत एक म्हातारी उतरली. वय नव्वदीच्या आसपास, डाव्या कानात यंत्र.

"मी रूथ," ती म्हणाली. "वॉल्टर माझे वडील."

ती तीन महिन्यांची असताना वॉल्टर लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला. तिला त्याचा एक फोटो माहीत होता, आणि ते वाक्य. आई सांगायची म्हणून. "वाट इथे आहे. माझ्या मागून या." वाक्य पाठ होतं, आवाज माहीत नव्हता.

"आईने पुन्हा कधी ऐकलं का ते?" मी विचारलं. जुनी खोड.

"नाही. ती म्हणायची, मला सहन झालं नसतं. आणि गंमत बघा, वडील गेल्यावर तिने याच थिएटरात साफसफाईची नोकरी धरली. रोज सकाळी किल्ली घेऊन यायची. कितीतरी वर्षं."

आम्ही तिला आठवं रीळ दाखवलं. वॉल्टर आला, थांबला, त्याचे ओठ हलले. रूथ पडद्याकडे मान वाकवून बसली होती, चांगला कान पुढे करून. खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

जाताना म्हणाली, "उजवा कानही जातोय. डॉक्टर म्हणतात, वर्षभर धरून चला."

*

संचालकांना सिनेमा लोकांना दाखवायची घाई होती. ते एक दिवस उत्साहाने खाली आले. "शेवटच्या रिळाचा प्रश्न सुटला! कॉम्प्युटरवर आवाज तयार करू. वारा, कुत्री, वॉल्टर, सगळं. लोकांना फरकसुद्धा कळणार नाही."

"रूथला कळेल," मी म्हणाले.

"तिने तरी कुठे ऐकलाय?"

मी आयुष्यात आमदारांशी भांडले, बिल्डरांशी भांडले, पण इतकं शांतपणे बोललेलं इतकं निर्दय वाक्य फार थोड्या वेळा ऐकलं. मी उभी राहिले. आवाज चढलाच.

"एकदा त्या माणसाचं नाव खाल्लंत. आता आवाजही दुसऱ्याचा लावणार? आणि ती तोच वडिलांचा समजून मरणार?"

"मावशी, मावशी…" मायाने माझा हात धरला. मग स्वतःच संचालकांकडे वळून म्हणाली, "नो. नॉट ऑन माय रिस्टोरेशन."

काका स्क्रू पिळत होते. वर न बघता म्हणाले, "मुकं आहे ते मुकं दाखवा. त्यात लाज नाही."

संचालकांनी एक महिन्याची मुदत दिली. त्यानंतर कॉम्प्युटर.

आम्ही किती ठिकाणी पत्रं लिहिली! संग्रहालयं, जुन्या वस्तूंचे दुकानदार, बंद पडलेल्या थिएटरांचे वारस. पहिल्या सात तबकड्यांची चौकशी करणारे भेटले, आठवी कुणाकडेच नव्हती. रूथला मी सगळं खरं सांगितलं, संचालकांचा बेतही. ती म्हणाली, "खोटा आवाज लावलात तर मी येणार नाही."

*

मुदत संपायला आठवडा होता. रूथ घर सोडून लहान फ्लॅटमध्ये जाणार होती आणि आम्ही तिघं सामान बांधायला गेलो होतो. माया कपाटावरून एक मोठा गोल डबा उतरवत होती.

"आईच्या हॅटचा," रूथ म्हणाली. "चर्चची हॅट. राहू दे तो माझ्याजवळच."

"धिस इज टू हेवी फॉर अ हॅट," माया म्हणाली.

हॅटखाली कागद, कागदाखाली फ्लॅनेलचं कापड. कापडात तबकडी. लेबलावर सिनेमाचं नाव आणि आकडा, आठ.

काकांनी आधी रुमालाने हात पुसले, मग ती घेतली. खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपी धरली, हळूहळू फिरवली. बराच वेळ बघत राहिले. मी विचारलं, "फुटलीय का?"

"नाही, ताई. फुटली नाहीये." आणि पुन्हा कापडात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही थिएटरात होतो. रूथला काकांनी यंत्राच्या अगदी शेजारी बसवलं, उजवा कान कर्ण्याकडे. मायाने रीळ लावलं. काकांनी सुई बाणाशी ठेवली.

वारा आला. खरा वारा, चिवडा नव्हे. दूर कुत्र्यांचं भुंकणं, इतकं स्वच्छ की काल रेकॉर्ड केल्यासारखं. नायकाची हाक. गाडीखालच्या पट्ट्यांची बर्फावरची घसट. मग वॉल्टर थांबला, ओठ उघडले, आणि तबकडीतून नुसती खरखर आली. वाळू चाळल्यासारखी. त्या खरखरीच्या तळाशी, फार खोल, एक पुरुषी आवाज होता. "…माझ्या मागून या."

लगेच पुन्हा सगळं स्वच्छ. कुत्री, वारा, शेवटपर्यंत.

"हे असं का?" मायाने हळूच विचारलं. "बाकी तर परफेक्ट आहे. ओन्ली दॅट लाइन?"

काकांनी सुई उचलली, सवयीने खिशातली पेन्सिल काढली आणि लेबलावर वाकले. मग पेन्सिल तशीच धरून थांबले. मी पुढे होऊन पाहिलं. वीसच्या वीस चौकोन खोडलेले होते. चौकोनांखालच्या कोऱ्या जागेत बारीक रेघा होत्या, पाच-पाचचे गठ्ठे, ओळीखाली ओळ. पहिल्या ठळक, पुढच्या फिक्या, चौकोनांतल्यांसकट सगळ्या एकाच हाताच्या. जागा संपली तिथे त्या लेबलाच्या कडेने गोल फिरत गेल्या होत्या.

रूथने चष्मा लावला आणि बोटाने त्या रेघांवरून एक फेरी मारली. मोजल्या नाहीत.

"मिस्टर देशमुख," ती म्हणाली, "पेन्सिल द्या."

शेवटच्या रेघेशेजारी तिने एक रेघ ओढली.

"आता परत लावा."