भिंतीवरचं अर्धं इंजिन

नातवानं मोठ्या हौसेनं एक इतिहासाचं पुस्तक आणून दिलं. निजामाच्या काळात आपल्याकडचे कामधंदे कसे बदलले, त्याचं. वाचलं अन् डोकंच फिरलं माझं. त्यात लिहिलंय, खेड्यातल्या कारागिरांनी नव्या कामाकडे पाठ फिरवली. हा लिहिणारा आल्ता का आमच्या घरी पाहायला?

माझे आबा राजूरचे सुतार, बैलगाडीची चाकं करायचे. जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगला तेलाच्या इंजिनावर मिस्त्री पाहिजे होता. खोलून ठेवलेलं इंजिन जोडून दाखवील, त्याला काम. आबांना अक्षर येत न्हवतं. मला मामानं शिकवलं होतं. आबांनी जालन्याच्या वाचनालयातून इंजिनाचं मराठी पुस्तक आणलं. मी वाचायचे, अन् ते दोरीनं मापून एकेक भाग गेरूनं भिंतीवर काढायचे, खऱ्या आकाराचा. चाकसुद्धा ते आधी असंच काढायचे. पुस्तकातलं बोटाएवढं चित्र त्यांच्या हाताला कळायचंच न्हाई.

"जल्दी नको करू माय," म्हणायचे, "पुन्हा वाच."

दर आठ दिवसांनी पुस्तक नेऊन दाखवायचं, मंगच ते पुन्हा घरी मिळायचं, असा तिथला नियम. निम्मं झालं होतं. आबा इमानदारीनं दाखवायला निघाले, मीही सोबत गेल्ते. पाहतो तर दारात निजामाचे पोलीस. आत इतिहासाची कसली तरी बंदी घातलेली पुस्तकं सापडली म्हणून सगळंच थैल्यात भरून राह्यले होते.

आबा म्हणाले, "साहेब, हे इंजिनाचं आहे."

शिपायानं ते उलटं धरून पाहिलं. "मराठी है ना? डालो."

त्या मेल्याला मराठीचं एक अक्षर वाचता येत न्हवतं. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

परीक्षेला आबा गेले. जिथवर आम्ही वाचलं होतं, तिथवर इंजिन बिलकुल बराबर जोडलं. पुढं हात थांबले. काम दुसऱ्याला गेलं, अन् आबा पुन्हा चाकं करत बसले.

दर दसऱ्याला आई घर सारवायची. त्या भिंतीपाशी आली की आबा आडवे यायचे. "तेवढी राहू दे. उरलेलं काढायचंय."

मरेपर्यंत त्यांनी ती भिंत सारवू दिली न्हाई. अन् हा लिहिणारा म्हणतो, पाठ फिरवली.