नाल्यातला पांढरा टॉवेल

लढाई संपत आली होती, पण ते आम्हाला कुठं ठाऊक! पुढच्या चौकीवर मी रेडिओ ऑपरेटर. गाव कोपरगाव. मागच्या मॉर्टरवाल्यांना फायरचा हुकूम पोचवायचा, एवढंच माझं काम. पलीकडचे आमचं हिंदी ऐकत, म्हणून सेटवर सगळं मराठीत. "एक सोडा" म्हणजे एक गोळा. "दोन सोडा" म्हणजे दोन, समोरच्या नाल्यात. आठवडाभर दुसरं काही बोललोच नव्हतो.

त्या दुपारी कॅप्टन साहेबांनी मला बाजूला घेतलं. "पलीकडून दोघं चिठ्ठी घेऊन येतायत. जमलं तर उद्या फायर बंद. कुणाला कळता कामा नये." मॉर्टरवाल्यांनाही सांगितलं नाही.

१५:२० ला साहेब आणि हवालदार किसन नाल्यात उतरले. किसनकडं छोटा सेट, फक्त माझ्यापर्यंत पोचणारा. किसन आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याचा, माझा जिगरी. काठीला पांढरा टॉवेल बांधताना म्हणाला, "लेका, भ्यालास व्हय?" खोटं कशाला बोलू, माझी पार तंतरली होती. कुणाकडून एक गोळी सुटली असती तर चिठ्ठीही गेली असती आणि किसनही.

१५:४१. चिठ्ठी मिळाली. ते दोघं माघारी वळले. आमच्या एलएमजीवाल्याचं बोट मशीनगनच्या ट्रिगरवर. सेटवर किसन बोलला, "साहेब म्हनत्यात, दोघांना सोडा. जाऊ द्या."

मी एलएमजीवाल्यावर ओरडलो, "अरे, ते दोन सोडा!" सवयीनं सेटचं बटण दाबलेलंच होतं.

मागून उत्तर आलं, "दोन सोडले. ओव्हर."

गोळा पडायला वीस सेकंद लागतात. "किसन, पळ! आपलेच गोळे येतायत!" साहेब दगडाआड गेले. ते दोघं मात्र उघड्यावर, काही न कळून उभे. किसन उलटा त्यांच्याकडं धावला. दोघांना घळीत ढकललं. स्वतःला वेळ उरला नाही.

चिठ्ठी पोचली. दुसऱ्या सकाळी फायर बंद झाला. बोलणी गुप्त, म्हणून कागदावर लिहिलं, किसन शत्रूच्या गोळ्याने गेला. मला गप्प राहायला सांगितलं. मी राहिलो.

दरवर्षी अकोल्याला किसनच्या बायकोला भेटायला जातो. वैनींसमोर बसायची आजही भीती वाटते. यंदा त्यांनी विचारलंच.

"भावजी, शेवटी काय करत हुते हे?"

"दोन माणसं वाचवत होता, वैनी."

"आपली?"

"व्हय. आपलीच."

"जगली का?"

"जगली."

वैनी म्हणाल्या, "मंग येवढ्या वर्षांत एकदा तरी यायचं हुतं त्यांनी."