जिजीची तहान

जिजी सकाळी घरून निघाली की दिवेलागणीपर्यंत पाण्याला शिवत नसे. एखादीने कडक उपास मिरवावा तसं ती हे मिरवायची. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. उघड्या माळावर लाल मिरची वाळत घालायची, पलटायची, देठ खुडायचे. तिथल्या बायकांची ती मुकादम. नावाने तिला कुणी हाक मारत नसे, सगळ्यांची ती जिजीच. रनाळ्याला ती आमच्या शेजारी राहायची, म्हणून कॉलेजच्या सुट्टीत मीही तिच्या हाताखाली मिरची खुडायला जायचे.

पहिल्याच दिवशी मी बाटली तोंडाला लावली, तर तिने ती काढून घेतली. "थोडं थोडं पे वं पोरी. आठे आडोसा कोठे शे?" खरंच नव्हता. चहूकडे मिरची, बांधाला एक झुडूप नाही आणि हमालांची सारखी ये-जा. पुरुषांचं काय, पाठ फिरवली की झालं.

बोलायला मात्र ती खट्याळ. मी ठसक्याने बेजार झाले की गुळाचा खडा हातावर ठेवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "शिकेल मानूसले ठसका लवकर लागस!" मग बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या.

तिला वरचेवर उन्हाळी लागायची, लघवीला आग व्हायची. घरी जाऊन धण्याचं पाणी प्यायचं, की सकाळी पुन्हा कामावर. प्रेशरची गोळी घेतली की लघवीला फार जावं लागतं, म्हणून कामाच्या दिवशी गोळीलाही सुट्टी. मी टोकलं की म्हणायची, "व्हई जाई बरं." तिच्या या चिवटपणाचं आम्ही कौतुकच करायचो. चार पत्रे उभे करून आडोसा करावा हे मालकाला सुचलं नाही, आम्हालाही नाही. आता आठवलं की जीव चडफडतो.

गेल्या हिवाळ्यात मिरची पलटताना तिचा उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. बायकांनी तिला मिरचीच्याच टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन वेळेत मिळालं. पुढे सुरतला मांडीतून नळी घालून मेंदूतली रक्ताची गाठही काढली. मी भेटायला गेले तेव्हा ती उजव्या हाताच्या चिमटीत चादर पकडून खुडत होती. तिचा मुलगा निंबा हसत होता आणि डोळे पुसत होता. जिजी पुन्हा पथारीवर जाणार, असं आम्ही धरूनच चाललो.

मग किडनीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी निंबाला बाजूला घेतलं. "गाठ गेली, पण किडन्या फार आधीपासून थकल्यात. अंगात पाणी कमी, प्रेशर जास्त. त्यात तपासणीसाठी शिरेत सोडलेल्या औषधाचा भार पडला. किडन्यांनी साथ दिली नाही तर हातपाय सुधारणंही अवघड."

तसंच झालं. डायलिसिस करून आली की ती दिवसभर ग्लानीत पडून राहायची, व्यायामाला उठवलं तर मान हलवून नको म्हणायची. चिमटीत पहिल्यासारखा जोर आला नाही तो नाहीच. लघवी जवळजवळ थांबली, तसं पाणीही कपाने मोजून मिळू लागलं. ती माठाकडे बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "आते घरमा संडास शे, आन पानी नही." वाकड्या तोंडाने ती हसली. मला हसता आलं नाही.

शेवटी तिला डायलिसिस सोसेना. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मागतील ते द्या. निंबाने तांब्या काठोकाठ भरला आणि तिला छातीशी टेकवून बसवलं. "पे माय, जितलं पाहिजे तितलं पे."

तिने दोन घोट घेतले. तिसरा ओठातून ओघळला.

"बस रे भाऊ," ती म्हणाली, "आते जात नही."

निंबा भरला तांब्या हातात धरून तसाच बसून राहिला.