अण्णांनी परत पाठवलेलं गिऱ्हाईक

आज सकाळी सुती कुर्त्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली आणि त्या वाफेच्या वासासरशी मी थेट गंगाखेडला, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या शिलाईच्या दुकानात पोचले.

मी तेव्हा लहान होते, दिवाळी दोन दिवसांवर आली होती. शिंप्याच्या पोरांना सणाला जुनेच कपडे, ही आमच्या धंद्याची रीत. पण अण्णा ऐन गर्दीत गिऱ्हाइकांचं नवीन कापड शिवायला घेणं बंद करायचे. त्या दुपारी एक गिऱ्हाईक हटूनच बसलं. "दुप्पट घ्या, पण शिवून द्या."

"न्हाई जमायचं, मालक. आता पोरीचा फ्राक शिवायलोय."

मला अण्णांचा लय राग आला. दुप्पट पैशांत किती फटाके आले असते! मी गाल फुगवून उभी होते आणि अण्णा कितीतरी वेळ माझ्या खांद्यावर गार टेप धरून म्हणत होते, "हलू नको, बाई." त्यांच्या बोटांना खडूचा वास होता. एका फ्रॉकच्या मापाला इतका वेळ लागत नाही, हे मला आता कळतं.

इस्त्री अजून गरम होती, तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. रविवार. लेक सायकल घेऊन दारात उभी. मी तिला हातानंच थांब म्हटलं आणि फोन घेतला.