वासराला चीक, लेकराला गुळाचं पाणी

वासराला जे पाजता, ते लेकराला का नाकारता? खरवसाचा वास आला की हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, तिसगावात माझी वहिनी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. कापसात गुंडाळलेल्या लेकराला ओढून प्यायचं बळ नव्हतं. आमच्या रीतीप्रमाणे आई वहिनीचं पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीकच, राखेत पिळायला लावी आणि बाळाच्या ओठाला गुळाचं पाणी लावी. त्याचं रडणं बारीक होत चाललं. त्याच दिवसांत आमची गाय व्यायली. आई चुलीवर खरवस शिजवत होती. बाजेवरून वहिनीनं विचारलं, "आत्याबाई, सगळा चीक काढला? वासराला न्हाई ठेवला?" "आदी त्यालाच पाजला. चिकाबिगर वासरू उभं ऱ्हातंय व्हय?" "मग माझं लेकरू कशावर उभं ऱ्हायचं?" "लई शानी झालीस!" आई फणकारली. पण थोड्या वेळानं तिनंच शिंपला उकळून वहिनीपुढं धरला आणि त्यात पिळलेलं दूध थेंब थेंब बाळाच्या जिभेवर सोडत राहिली. ते लेकरू जगलं; माझा तो पुतण्या आता पन्नाशी ओलांडूनही आमच्या गोठ्यात वासरांमागं पळतो. तुमच्या घरी बाळंतीण असेल, तर तिचा पहिला चीक राखेत जाऊ देऊ नका. तो बाळाच्याच तोंडी घाला.