वैजनाथ नावाची यादी

माझ्या सासूबाई, केशरबाई, मिरजगावच्या बाजारात कांद्याच्या भावावरून व्यापाऱ्याला घाम फोडतात. भर ग्रामसभेत सरपंचाला पाण्याचा जाब विचारतात. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी ‘हे’, फार तर ‘नितीनचे वडील’.

इतके दिवस त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. दिवाळीनंतर मामांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू चालू लागले, वाचा मात्र गेली. मामा तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात गायलेले. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी त्यांची स्वतःचीच भजनं ऐकवा, सोबत गुणगुणायला लावा. कधी कधी त्यातून बोलणं परत येतं. माझ्या नवऱ्याने, नितीनने, जुन्या कॅसेटवरची भजनं उतरवून घेतली, बोललेलं ऐकणारा स्पीकर आणला आणि त्यातल्या भजनांच्या यादीला वडिलांचंच नाव दिलं, ‘वैजनाथ’. एवढी अक्कल पाजळून स्वारी पुण्याला कामावर निघून गेली.

त्या स्पीकरच्या डब्याला आधी हाक मारायची आणि मग ‘वैजनाथ लाव’ म्हणायचं, बस. आत्या, म्हणजे सासूबाई, रोज त्याच्याशी हुज्जत घालायच्या.

‘आमच्या ह्यांची गानी लाव.’

‘माफ करा, मला समजलं नाही,’ डबा म्हणायचा.

‘नितीनच्या बापाची लाव,’ म्हटलं तर डीजेचं धांगडधिंग्याचं गाणं सुरू झालं, आणि मामांनी तोंड फिरवलं. एकदा तर आत्यांनी चक्क उखाणा घेतला. ‘ज्वारीच्या कणसाला दाणा भरला टपोर, वैजनाथरावांचं नाव घेते सगळ्यांच्या समोर.’ डब्याने ज्वारीची माहिती वाचून दाखवली. शेवटी त्या रोज शेजारच्या रश्मीला बोलावून आणू लागल्या. ती दोन शब्द बोलायची आणि निघून जायची.

‘अरे, त्या यादीचं नाव बदल,’ मी फोनवर नितीनला सांगून दमले. ‘रविवारी आलो की करतो,’ म्हणायचा. चार रविवार गेले. मामांच्या तोंडून अजून अक्षर फुटलं नव्हतं आणि मायलेकांचं हे असं. मला दोघांचाही वीट आला होता.

परवा रश्मी परीक्षेला गेलेली. मी भाकरी थापत होते, शाळेत शिकवायला जायची वेळ झाली होती.

‘सुकन्या, तू म्हन की.’

‘मी नाही म्हणणार, आत्या. नाव मोठं की माणसाची वाचा मोठी?’

‘नाव घेतल्यानं मानसाचं आयुष्य कमी हुतं.’

‘आणि असं मुकं राहून वाढतंय होय?’

बोलले आणि जीभ चावली. आत्या ताडकन उठल्या. पदर डोक्यावर ओढला, मामांच्या खाटेकडे पाठ केली आणि डब्यावर डाफरल्या, ‘वैजनाथ!’

रागाच्या भरात आधी डब्याला हाक मारायची राहूनच गेली. तो ढिम्म.

‘ओ,’ मागून खाटेवरून आवाज आला.

चार महिन्यांत पहिल्यांदा. घोगरा, अर्धवट, पण मामांचाच. माझी भाकरी तव्यावर करपली. आत्या वळल्या नाहीत. भिंतीकडे बघतच, या खेपेला हळू, म्हणाल्या, ‘वैजनाथ.’

‘ओ.’

त्या सकाळी भजनं लागलीच नाहीत. माझी एसटी चुकली, आणि आत्यांच्या हाका काही संपेनात.