अर्धा टंबलर चहा

दारू सोडली की संध्याकाळ फार लांब होते आणि किस्से साठत जातात. सांगायचे कुणाला, हा प्रश्न. म्हणून मराठीत लिहून ठेवते. तंजावूरच्या आमच्या गल्लीत घरोघरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे तिघेच, आणि त्यातल्या दोघांना मोतीबिंदू आहे.

माझी हकीकत साधी. बाळंतपणात अंगात ऊब राहावी म्हणून सुईणीनं चमचाभर ब्रँडी दिली. चाळीस दिवसांनी सुईण गेली, ब्रँडी राहिली. नवरा मस्कतला. गौरी दोन वर्षांची असताना मी भरदुपारी अशी झोपले, की ती एकटीच बसस्टॉपपर्यंत चालत गेली. सासूबाईंनी तिला उचलून आणलं आणि माझं तोंड हुंगलं. त्या दिवसापासून गौरीला माझ्याजवळ एकटं ठेवणं बंद.

*

चर्चच्या शाळेत दारू सोडणाऱ्यांचा गट जमतो असं कळलं. दारात सेल्वम सर उभे. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, नऊ वर्षं थेंब नाही.

"नवऱ्यासाठी आलात ना, अम्मा? बायकांचा गट शेजारच्या वर्गात."

नाही म्हणायचा धीर झाला नाही. दोन आठवडे त्या बायकांत बसून मनापासून रडले. ताकसुद्धा सर्दी होईल म्हणून न पिणाऱ्या माझ्या नवऱ्याला मी पार दारुडा करून टाकला.

तिसऱ्या आठवड्यात बायकांचा गट चालवणाऱ्या मेरीअक्कानं विचारलं, "बाटली कुठं लपवतो तो?"

"तांदळाच्या डब्यात," मी पटकन म्हणाले.

ती म्हणाली, "तांदळाच्या डब्यात हात घालणारा पुरुष मी अजून पाहिला नाही."

मग माझं मनगट धरून तिनं मला शेजारच्या वर्गात नेलं. "सर, ही तुमची."

*

वर्ग पहिलीचा. बुटक्या बाकांवर अकरा पुरुष, गुडघे हनुवटीला टेकवून. बाई मी एकटीच. माझ्या बाकावर कुणी बसत नसे, आदरानं. आदरानं माणूस इतकं एकटं पडतं, हे मला ठाऊक नव्हतं.

चहा द्यायचा तो गटातलाच आरोग्यम. सगळ्यांना टंबलर भरून, मला अर्धा. तीन वेळा तसाच प्यायले, चौथ्यांदा विचारलंच, "बाईमाणूस म्हणून अर्धा का?"

"नाही अम्मा. हात बघा."

अर्ध्यातलाही चहा साडीवर आला होता.

"मला सहा महिने अर्धाच मिळाला," समोरच्या बाकावरचा मुरुगन माझी समजूत घालत म्हणाला. "तेव्हा मी बस चालवायचो."

*

घरी सांगितलं होतं, कॉम्प्युटर क्लासला जाते. तेव्हा निम्मी गल्ली कॉम्प्युटर शिकत होती, त्यामुळे खपलं. शेजारच्या काकूंनी एकदा ओट्यावरून विचारलं, "कुठवर आलीस गं?"

"रोज पहिल्यापासून सुरू करायला लावतात."

"मास्तर बदल," काकू म्हणाल्या.

*

तिसरा महिना. शुक्रवारची दुपार. गौरीच्या डोक्याला तेल चोळून झालेलं, पाणी तापलेलं. तिला न्हाऊ सासूबाईच घालायच्या. मी स्वयंपाकघरातून बघायची.

सासूबाईंनी अचानक फुलांची परडी उचलली. "मी देवळात जाऊन येते. तू घाल तिला न्हाऊ."

बाहेरचं दार ओढून त्या गेल्या. अडीच वाजले होते. देऊळ चारला उघडतं.

मला नीट जमेना. गौरीच सांगत होती, "आजी डोळ्यांवर हात ठेवते." ठेवला. "आजी कानात पाणी जाऊ देत नाही." नाही जाऊ दिलं. केस पुसले, धूप दिला, वेणी घातली, सुटली, परत घातली. मग तिला कडेवर घेऊन दार उघडलं.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. दाराकडे पाठ, पायांत चपला, मांडीवर परडी. फुलं मलूल झाली होती.

"देवळात नाही गेलात?"

त्यांनी गौरीचे केस चाचपले, कानामागे बोट फिरवून पाहिलं.

"उद्या जाते," म्हणाल्या. "तासभर तरी लागेल मला."